काचेवरची वाफ आणि काचेवरचा घाम

आमच्या गाडीत तापमानासाठी जे फिरवायचे गोल बटण आहे, त्याची अर्धी कड निळी आहे आणि अर्धी तांबडी. गाडी घेऊन सहा वर्षे झाली होती, पण तांबड्या बाजूला ते कधी फिरले नव्हते. बेळगावात हिटर कशाला लागतो, हा आमचा साधा हिशेब. गेल्या श्रावणात चोर्ला घाटात तो चुकला. त्या चुकीत भाषेचाही वाटा होता, असे मला वाटते. म्हणून हे लिहितो आहे.

आई, बहीण, भाचा आणि मी, साखळीला एका बारशाला निघालो होतो. कणकुंबीला माउलीच्या दर्शनाला उतरलो आणि पावसाने गाठले. चौघेही निथळत गाडीत येऊन बसलो, दोन ओल्या छत्र्या पायाशी. आई कुडकुडत होती म्हणून मी एसी बंद केला. पुढे एक मालट्रक काळा धूर सोडत चालला होता म्हणून बाहेरची हवा अडवणारे बटण दाबले. घाटाच्या पहिल्या वळणांवरच समोरची काच पांढरी होऊ लागली. हाताने पुसली तर नुसते फराटे उठले आणि त्यांवर पुन्हा पांढरे. एका वळणावर समोरून बस आली. तिचे दिवे अगदी अंगावर आल्यावर दिसले. भाचा ओरडला, मी गाडी डावीकडे दाबली, कशीबशी थांबवली. हात थरथरत होते.

आई म्हणाली, "झाकणाला आतनं वाफ धरल्यागत झालंय की रे हे. जरा उघड बघू."

खिडकी दोन बोटे खाली केली. थोडे निवळले, पण पाऊस आत येऊ लागला. तेवढ्यात गोव्याकडून वर येणाऱ्या टेम्पोचा चालक आम्हांला पाहून थांबला. त्याने काचेकडे एकदा पाहिले आणि सांगितले, "एसी चालू करा, आणि बटण तांबड्याकडे फिरवा. बाहेरची हवा आत घ्या." मला वाटले, थट्टा करतो आहे. थंडी वाजत असताना एसी, आणि एसी चालू असताना गरम हवा! तरी तसे केले, झोत काचेकडे वळवला. दोनेक मिनिटांत काच खालून वर निवळत गेली.

'एसी' हा शब्द आपण 'गारवा' याच अर्थाने वापरतो, आणि माझा घोटाळा तेथेच झाला. 'वातानुकूलन' हा मराठी शब्द आपण पाट्यांवर रंगवून ठेवला, बोलण्यात येऊ दिला नाही; पण यंत्राचे खरे काम तोच सांगतो. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती माणसांना गार वाटावे म्हणून नव्हे. दमट हवेत कागद फुगे-आकसे आणि एकावर एक छापलेले रंग नेमके बसत नसत. त्या हवेतील ओल आवरायची होती. गाडीतही तेच घडते. हवा थंड नळ्यांच्या जाळीवरून जाते तेव्हा तिच्यातील पाणी जाळीवर साचून गाडीखाली ठिबकते. (हेच पाणी पाहून मी एकदा रेडिएटर फुटला म्हणून गॅरेज गाठले होते.) मग तीच कोरडी हवा इंजिनाच्या गरम पाण्याने तापलेल्या दुसऱ्या जाळीवरून जाते. ही उष्णता इंजिन एरवीही बाहेर टाकतच असते. कोरडी, उबदार हवा काचेवरची ओल उचलते. मी मात्र एसी बंद करून आणि बाहेरची हवा अडवून चौघांचे श्वास व ओल्या कपड्यांची वाफ आतच फिरवत ठेवली होती.

घाट उतरून केरीजवळ आलो. हवा उबदार झाली, सगळ्यांना उकडू लागले. मी बटण पार निळ्या टोकाला नेले. झोत काचेकडेच राहिला. थोड्याच वेळात काच पुन्हा पांढरी! आता मी शहाणा झालो होतो, म्हणून पंख्याचा वेग वाढवला. पांढरे आणखी पसरले. आईने काचेला आतून बोट लावले, ते कोरडेच. ती म्हणाली, "हा घाम सुटलाय. गार पाण्याच्या तांब्याला सुटतोय तसा, बाहेरनं." वायपरच्या एका फटक्यात काच स्वच्छ झाली.

झाकणाला वाफ धरते ती आतून. तांब्याला घाम सुटतो तो बाहेरून. पदार्थविज्ञानाला दोन्ही एकच, थंड पृष्ठभागावर पाणी साचणे. पण उपाय उलट आहेत, आणि काचेची कोणती बाजू हे आईच्या बोलण्यात आधीच आलेले होते. डॅशबोर्डवर वक्र काच आणि नागमोडी बाण यांचे एकच चित्र असते. आम्ही शिकलेले लोक दोन्हींना 'फॉग' म्हणतो, आणि घाटातल्या धुक्यालाही तेच.

भाचा तेव्हा गाडी शिकत होता. त्याच्यासाठी एक कागद लिहायला घेतला. परिभाषेची मला हौस. पहिल्या मसुद्यात 'संघनन' होते, 'पुनराभिसरण कळ निष्क्रिय करावी' होते. त्याने वाचून विचारले, "मामा, हे कुठल्या बटणाला म्हणायचं?" मी कागद फाडला. पुस्तकात 'पुनराभिसरण' शोभेलही, वळणावर त्याचा काय उपयोग? दुसऱ्या कागदावर एवढेच लिहिले: आतून वाफ धरली तर एसी चालू, बटण तांबड्याकडे, बाहेरची हवा आत. बाहेरून घाम सुटला तर आधी वायपर, मग गारवा कमी, झोत काचेवरून काढ.

यंदा जुलैत तो पहिल्यांदा एकटा घाट उतरला. केरीहून त्याचा फोन आला. "मामा, वर वाफ धरली होती, खाली घाम सुटला," तो म्हणाला, "आता चहा पितोय."