सुरतेचा नाका

सुरत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे १६६४ साल आणि शिवछत्रपतींची स्वारी उभी राहते. गेल्या दिवाळीत मी पाहिली ती मात्र माझ्या मावसभावाची सुरत. दादाचा हिरे घासण्याचा छोटा कारखाना आहे. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात भर रस्त्यावर, स्कूटरच्या सीटवर पुड्या उलगडून लाखोंचे व्यवहार होतात. असा माल घेऊन ये-जा करायची, म्हणून दादाच्या कमरेला परवान्याचे रिव्हॉल्व्हर.

त्या संध्याकाळी बाजारातून परस्परच तो आम्हाला डुमसच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. टोमॅटोची भजी खाऊन परतताना नाकाबंदी लागली. दादाने गाडी कडेला घेतली, आतला दिवा लावला, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. हवालदाराने कागद मागताच आमचे चिरंजीव मदतीच्या उत्साहात मागून पुढे झुकले.

"हात मागे घे!" दादा हळूच म्हणाला. "निधान, निधान," सौ. पुटपुटली. घाबरली की तिला कन्नडच सुचते.

मग दादा शांतपणे म्हणाला, "साहेब, मारी पासे लायसन्सवाळी रिवॉल्वर छे. कमरे छे. परवानो खिस्सामां छे. काढुं?"

हवालदार पाऊलभर मागे सरला. त्याने फौजदाराला बोलावले. फौजदाराने दादाला उतरवून परवान्यावरचा फोटो, मुदत आणि हत्याराचा नंबर ताडून पाहिला. पाच मिनिटांत "आवजो" झाले. माझे तळहात मात्र घामाने भिजले होते.

"एवढी अजिजी कशाला? परवाना आहे ना?" मी विचारले.

"अरे, परवाना खिशात असतो, हत्यार कमरेला. अंधारात त्याला आधी काय दिसणार? त्यालाही घरी पोरंबाळं आहेत."

शस्त्र बाळगणाऱ्याकडे पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. तो दाखवला नाही, तर शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १९ तसे सांगते. शिवाय परवाना कोणत्या हद्दीपुरता, हेही त्यावर लिहिलेले असते. कर्नाटकापुरता परवाना घेऊन कोणी कागलला गेला, तर तिथे तो नुसता कागदच! सीमेवरच्या आपण मंडळींनी हे विसरू नये.

परतीच्या वाटेवर कोगनोळी नाक्यावर गाडी अडवली. आमच्याकडे हत्यार म्हणाल तर सुरतेच्या घारीचा डबा. तरी चिरंजिवांनी न सांगता आतला दिवा लावला आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसले.