रतीब

आमच्या वाईच्या घरी दुधाचा रतीब होता. पहाटे गवळी यायचा, आई भांडे पुढे करायची, तो माप ओतायचा, आणि अक्षरही न बोलता व्यवहार पुरा व्हायचा. वडील तर विद्यार्थिदशेत वार लावून जेवलेले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट व्हावी आणि ती लक्षात ठेवण्याचा त्रास मात्र आपल्याला पडू नये, ही माणसाची जुनीच हौस आहे.

माझे आयुष्य संगणकापुढे गेले. तिथेही मला असाच एक गडी भेटला. त्याचे नाव क्रॉन. ग्रीक भाषेतल्या काळवाचक शब्दावरून ठेवलेले. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो चाकरीला होताच. पुढे १९८७ साली पॉल व्हिक्सी यांनी तो नव्याने लिहिला, आणि त्याचे वंशज आजही असंख्य यंत्रांवर राबत आहेत. काम अगदी साधे. दर मिनिटाला जागे व्हायचे, वहीत पाहायचे, ज्या ओळीची वेळ झाली असेल तिचा हुकूम बजावायचा आणि पुन्हा झोपायचे. ओळीत पाच रकाने : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. त्यांच्या पुढे हुकूम. रकान्यात चांदणी काढली, की तिथे 'कोणतेही चालेल'. शून्य, एकवीस आणि मग तीन चांदण्या. झाले रोज रात्री नऊचे काम!

गडी इमानी, पण शब्दाला शब्द ऐकणारा. नेमक्या वेळी यंत्र बंद असले, तर ते काम बुडालेच. गवळ्यासारखा दुसऱ्या दिवशी तो दुप्पट माप घालणार नाही. तारखेच्या रकान्यात १३ आणि वाराच्या रकान्यात शुक्रवार लिहा. तुम्हाला वाटेल, तेरा तारखेला शुक्रवार आला तरच तो उठेल. छे! तो प्रत्येक तेरा तारखेला उठेल आणि शिवाय प्रत्येक शुक्रवारी. याच्यावर अंगारकी सोपवली असती, तर घरादाराला सगळे मंगळवार आणि सगळ्या चतुर्थ्या उपास घडला असता.

वडील गेल्यावर आई वाईला एकटी राहू लागली. रक्तदाबाची गोळी रात्री नऊला घ्यायची, आणि ती नेमकी विसरायची. मी पुण्यात. चार दिवस आठवणीने फोन केला, पाचव्या दिवशी कामात राहून गेला. त्याच रात्री मी क्रॉनच्या वहीत एक ओळ लिहिली. रोज नऊला आईच्या फोनवर माझ्या नावाने निरोप जाऊ लागला : 'आई, गोळी घेतलीस का?' तिचे उत्तर येई, 'घेतली रे. तू जेवलास का?' त्यावर मी कधी काही लिही, बहुधा नाहीच.

आठ महिने बिनबोभाट गेले. मग घरचे जुने यंत्र मी मोडीत काढले आणि सारी कामे परदेशातल्या एका भाड्याच्या यंत्रावर हलवली. वही जशीच्या तशी उतरवली. त्या यंत्राचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेने चालते, हे काही ध्यानात आले नाही. त्या घड्याळात रात्रीचे नऊ होतात, तेव्हा वाईला उत्तररात्रीचे अडीच झालेले असतात.

सकाळी सहाला आईचा फोन. "अरे, अडीच वाजता जागा का होतास? बरं नाही का तुला? मी तेव्हापासून बसूनच आहे. फोन करणार होते, पण म्हटलं, नुकताच डोळा लागला असला तर उगीच मोडायचा."

थाप जिभेवर आली होती. पण साडेतीन तास अंधारात बसून राहिलेल्या बाईपुढे ती बाहेर पडेना. सगळे सांगून टाकले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे जेवलास का म्हणून मी त्या यंत्राला विचारत होते होय?"

रागावली असती तर बरे झाले असते. उलट दुपारी तिनेच पुन्हा फोन केला. "तुझं यंत्र एवढं इमानी आहे, तर त्याला यांच्या तिथीची आठवण करायला सांग. गेल्या वर्षी विसरला होतास."

आता आली पंचाईत. क्रॉनला तारीख कळते, वार कळतो. कार्तिक वद्य पंचमी कळत नाही. ती दर वर्षी नव्या तारखेवर जाऊन बसते. तेव्हा पंचांग उघडायचे, बोट ठेवून तारीख शोधायची आणि ओळ नव्याने लिहायची. तिथी काढून देणारे कार्यक्रम मिळतात, हे मला ठाऊक आहे. पण मी ते बसवलेले नाहीत.

नऊची ओळही मी खोडली नाही, फक्त बदलली. ग्रीनिचच्या हिशेबाने तिथे आता दुपारचे ३ वाजून २५ मिनिटे लिहिले आहेत. म्हणजे आपले रात्रीचे ८ वाजून ५५. निरोप येतो तो माझ्या फोनवर, आणि मी वाईला फोन लावतो. एखाद्या दिवशी नवावर दहा मिनिटे होतात. मग पलीकडून आधी तोच प्रश्न येतो, "आज कोण झोपलं होतं? ते, की तू?"