रबरी बेडूक

माशांवर लिहिणार म्हटल्यावर घरातल्या शाकाहारी मंडळींनी आधीच नाकं मुरडली आहेत. असो!

लहानपणी सुट्टीत मामांबरोबर गळ टाकायला जायचो. उकिरड्यातली गांडुळं करवंटीत गोळा करायचं काम माझं. रोहूला कणकेचा गोळा चालायचा, शिंगट्याला गांडूळ. मरळीला मात्र हलणारं, जिवंत काहीतरी लागायचं. मामा इवलासा बेडूक गळाला लावायचे. तो पाण्यात पाय मारत राहायचा आणि मी दुसरीकडे बघायचो.

पुढे स्वतःची रॉड घेतली तेव्हाच ठरवलं, जिवंत आमिष नको. रबरी बेडूक आणला. याचे दोन गळ पाठीला चिकटून असतात, त्यामुळे तो शेवाळात, पानांत अडकत नाही. शिवाय गांडूळ मासा गिळून टाकतो आणि गळ पार घशात जातो. खोट्या आमिषावर झडप घातली की गळ बहुतेक वेळा जबड्यातच बसतो, मासा धड परत सोडता येतो. एकूण काय, मासेमारी करूनही मी सज्जनच!

गेल्या पावसाळ्यात मामांना घेऊन त्याच तळ्यावर गेलो. एका जागी पाण्यावर बारीक बुडबुडे येत होते, खाली लालसर नारिंगी पिल्लांचा घोळका. हवा घ्यायला सगळी एकदम वर यायची. मी त्यांच्या कडेनं बेडूक ओढला. दुसऱ्याच फेकीला धाडकन पाणी उडालं. चांगली हातभर मरळ!

मी खुशीत मामांकडे पाहिलं. ते हसले नाहीत.

"आरं, ती भुकंनं आली न्हाय. पोरं राखत हुती."

मरळीचे आईबाप पिल्लांवर पहारा देतात, जवळ येईल त्याच्यावर धावून जातात, हे मला वाचून माहीत होतं. तिथं बेडूक टाकला तो माहीत असल्यामुळेच. घाईघाईनं गळ काढून तिला सोडलं. तेवढ्या वेळात किती पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी गेली, कोण जाणे.

मामांचा बेडूक निदान भुकेल्या माशासाठी होता. माझ्या खोट्या बेडकाला रक्त नव्हतं, एवढंच.

रबरी बेडूक अजून वापरतो. पण पाण्यावर ते बुडबुडे दिसले की रॉड गुंडाळून ठेवतो, आणि मामा डब्यातली भाकरी काढतात.