मातीतली आशा : तेरचे गोरोबाकाका आणि ईयोब

१/ धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या १ल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ ते पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदवतो. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. मराठी मनाला मात्र तेर ठाऊक आहे ते संत गोरा कुंभारांमुळे.

२/ गोरोबाकाकांची आख्यायिका कठोर आहे. नामस्मरणात दंग होऊन चिखल तुडवताना त्यांचे रांगते मूल पायांखाली गेले. पुढे शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडले. अखेर पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात हात परत आले. मूलही परत आले.

३/ हिब्रू ज्ञानसाहित्यात असाच एक शोकग्रस्त पिता आहे : ईयोब. त्याचे ७ मुलगे व ३ मुली एकाच दिवशी गेल्या. मित्र म्हणाले, हे तुझ्याच पापाचे फळ. ईयोबाने ते मानले नाही. त्याने थेट देवालाच जाब विचारला. तूच मातीसारखे घडवलेस आणि आता मातीतच मिळवणार का, ही त्याची तक्रार कुंभाराच्या अंगणातही समजावी अशी आहे. ग्रंथाच्या शेवटी देव दोष देतो तो मित्रांना.

४/ ‘आशा’ या अर्थाचा हिब्रू शब्द ‘तिक्वा’. त्याचाच दुसरा अर्थ दोरा. आपले दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने सरतात आणि ‘तिक्वा’वाचून संपतात, असे ईयोब म्हणतो. आशा संपली की दोरा? एकाच शब्दात दोन्ही.

५/ ‘उपदेशक’ हा ग्रंथ तर सारे काही ‘हेवेल’, म्हणजे श्वासाची वाफ, ठरवतो. तरीही तो पुनःपुन्हा सांगतो : अन्न, पाणी, श्रम यांत आनंद मान. येथे आनंद दुःखाचे उत्तर नव्हे. क्षणभंगुरतेच्या पोटातच मिळालेले ते दान आहे.

६/ या दोन परंपरांत उसनवारी शोधण्याचे कारण नाही. महत्त्वाचा आहे तो फरक. तेरच्या कथेत गेलेले मूलच परतते. ईयोबाला पुन्हा ७ मुलगे व ३ मुली होतात, पण गेलेली परत येत नाहीत. त्याच्या नव्या सुखात जुनी रिकामी जागा तशीच राहते.

७/ म्हणून टिकाऊ आशा म्हणजे दुःखाचा विसर नव्हे. तेरच्या आख्यायिकेने तुडवलेले मूल लपवले नाही. हिब्रू कवीने ईयोबाचा आक्रोश गाळला नाही. शोक पूर्ण सांगून झाल्यावरही जो दोरा तुटत नाही, त्यालाच दोन्हीकडे आशा म्हटले गेले.