७४१.५ च्या कपाटापाशी

अमेरिकेतल्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत पुस्तकं ड्युई दशांश पद्धतीने लावतात आणि त्यात ७४१.५ हा आकडा कॉमिक्स आणि व्यंगचित्रांचा. 'गारफील्ड' नावाचा खादाड बोका तिथे, आणि आउश्वित्झमधून जिवंत सुटलेल्या बापाची कहाणीही तिथेच. निदान काही वाचनालयांत. बाकीच्यांत आर्ट स्पीगलमनचं 'माउस' ९४०.५३ वर, दुसऱ्या महायुद्धाच्या जाडजूड इतिहासग्रंथांच्या रांगेत सापडतं. हा घोळ जुना आहे. १९९१ मध्ये 'माउस'चा दुसरा भाग 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत आला तो कादंबऱ्यांमध्ये. स्पीगलमनने वृत्तपत्राला पत्र लिहून हरकत घेतली आणि पुस्तक कथेतर साहित्याच्या यादीत हलवलं गेलं.

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या वाचनालयाने तिसराच तोडगा काढला होता. तिथे 'माउस' टीनएजर मुलांच्या कोपऱ्यात, जपानी मांगा कॉमिक्सच्या शेजारी ठेवलेलं होतं. मी तिथे गेले ती लेकीला आणायला. ती काही उठायला तयार नव्हती, म्हणून समोरचं पुस्तक काढून चाळायला घेतलं.

मुखपृष्ठावर दोन उंदीर, मागे स्वस्तिकाच्या वर्तुळात मांजराचा चेहरा. माझ्या पिढीतल्या मराठी वाचकाला मांजर-उंदीर म्हटलं की शि. द. फडणीस आठवतात. 'मोहिनी'च्या दिवाळी अंकाचं ते मुखपृष्ठ: बसथांब्यावरच्या तरुणाच्या बुशशर्टवर मांजरी, शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदीर, आणि शब्द एकही नाही. तिथे हे वैर म्हणजे लाडिक थट्टा होती. इथे ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरी आणि पोलिश डुकरं. व्यायामाच्या सायकलवर पायडल मारत म्हातारा व्लाडेक मुलाला सगळं सांगतोय. हा बाप थोर वगैरे अजिबात नाही. कवडीचुंबक आहे, सुनेला-मुलाला हैराण करतो, गोळ्या मोजत बसतो. छळछावणीतून वाचलेला माणूस देवमाणूसच असायला हवा, ही आपली अपेक्षा स्पीगलमन पहिल्या काही पानांतच मोडीत काढतो.

त्यातल्या एका चित्रापाशी मी अडकले. व्लाडेक आणि त्याची बायको आन्या लपायला जागा शोधत निघालेत. दोघं पाठमोरी, इवलीशी. समोर रस्ता चार दिशांना फुटतो आणि प्रत्येक फाटा काटकोनात वळतो. क्षणभराने लक्षात येतं की तो रस्ताच नाझी स्वस्तिक आहे. कुठेही वळलात तरी त्याच्याच आत. पहिल्या वाचनात मी ते पान भराभर उलटून गेले होते, कारण चौकटीत मजकूर थोडा होता आणि मी फक्त मजकूरच वाचत होते.

आपण असंच वाचतो. लहानपणी 'चांदोबा' आणि १९६७ पासून निघणारी 'अमर चित्र कथा' वाचताना चित्र दिसायचं, पण ते वाचावं लागायचं नाही. मजकुरात 'राजा रागावला' आणि चित्रात रागावलेला राजा. 'माउस'सारख्या ग्राफिक नॉव्हेलमध्ये चित्र वेगळं बोलतं, शब्द वेगळं बोलतात, आणि दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय झालं ते वाचकाने जुळवायचं. मोठ्या वयात ही सवय लावून घ्यायला मला बराच वेळ लागला.

मदत झाली ती ग्रंथपालबाईंची. 'माउस' परत करताना त्यांनी आवडलं का एवढंच विचारलं आणि मार्जान सत्रापीचं 'पर्सेपोलिस' हातात ठेवलं. इराणमधली इस्लामी क्रांती, सक्तीचा हिजाब, इराकशी युद्ध, हे सगळं एका हट्टी, बडबड्या मुलीच्या नजरेतून. रंग दोनच, काळा आणि पांढरा. हे पुस्तक मी एका बैठकीत संपवलं.

जो साकोचं 'पॅलेस्टाइन' मात्र एका बैठकीत संपत नाही. साको हा वार्ताहर. १९९१-९२ च्या हिवाळ्यात तो वेस्ट बँक आणि गाझात हिंडला आणि बातमीदारी चित्रांतून केली. त्यात घसान नावाच्या कैद्याच्या चौकशीचं प्रकरण आहे. सुरुवातीला पानावर मोजक्या, ऐसपैस चौकटी असतात. मग त्या आकसत जातात. डोक्यावर गोणी चढवलेला माणूस, झोप नाही, भास होताहेत, आणि पान बारक्या बारक्या चौकटींनी खच्चून भरलेलं. कोठडीची घुसमट वाचणाऱ्याच्या डोळ्यांना जाणवते. हे गद्यात करून दाखवणारा लेखक माझ्या तरी वाचनात नाही.

मग हाव सुटली. भारतीय पुस्तकं आमच्या वाचनालयात फारशी नव्हती, पण इंटरलायब्ररी लोन नावाची सोय आहे. पुस्तक दुसऱ्या वाचनालयात असलं तरी तुमच्यासाठी मागवून देतात. अशानेच 'भीमायन' आलं. २०११ मध्ये 'नवयान'ने काढलेलं हे पुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चितारलंय. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, आधार बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणींचा. पाणी, निवारा, प्रवास. पाठ असलेल्या गोष्टी, पण अशा पाहिल्या नव्हत्या. पानांवर चौकटीच नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवर काढतात त्या दिगण्याच्या नक्षीने पान विभागलंय. आगगाडी सापासारखी वळवळत जाते. प्रेमाने बोललेले शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, आणि जातीचा विखार ओकणाऱ्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी. शाळेत तहानलेल्या भीमावर ओरडणाऱ्याच्या तोंडून ती नांगी निघते तेव्हा वेगळं भाष्य लागत नाही.

त्याच वर्षी, त्याच प्रकाशनाचं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' आलं. मजकूर पुन्हा नटराजन यांचा, चित्रं अपराजिता निनान यांची, आणि विषय जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी'. १८७३ मधलं हे पुस्तक जोतीरावांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं होतं. त्याचा चित्रावतार अमेरिकेतल्या फुकट वाचनालयातून घरी आणताना मला जरा गंमत वाटली, जरा लाजही. मूळ पुस्तक मराठी असून मी ते तोवर सबंध वाचलेलं नव्हतं.

ही पुस्तकं महाग असतात. छपाई खर्चीक, आणि वाचून होतात एखाद्या संध्याकाळी, त्यामुळे विकत घेणं जिवावर येतं. त्यांची खरी जागा वाचनालयातच. २०२२ च्या जानेवारीत टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने शिव्या आणि नग्नतेचं कारण देऊन 'माउस' आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं, तर पुस्तकाचा खप धडाक्याने वाढला. आपल्याकडे अजून कोणी काढून टाकावं इतकी ही पुस्तकं कपाटात शिरलेलीच नाहीत. सुट्टीत भारतात आले की मी ओळखीच्या वाचनालयांत विचारते. बहुतेक ठिकाणी बालविभागाकडे बोट दाखवतात. पण सभासदांनी मागितलेली पुस्तकं नोंदवायची वही पुष्कळ ठिकाणी असते. पुढच्या वेळी जाल तेव्हा तीत 'भीमायन' लिहा, 'माउस' लिहा, गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांचं २००८ मधलं 'कारी' लिहा. आणि पुस्तक आलं की मोठ्यांच्या विभागात ठेवायला सांगा.