घास कुठं अडतो?

२०२४ चा रमजान, पहिला रोजा. बारामतीत मार्चमध्येच ऊन तापलं होतं. मगरिबच्या अजानबरोबर खजूर तोंडात टाकला, वर गार पाण्याचा घोट घेतला आणि छातीच्या मधोमध कुणी मूठ आवळावी तशी कळ उठली, ती पाठीपर्यंत गेली. दस्तरखानावर सगळे पाहत होते. मी हसून उठले आणि स्वयंपाकघरात ओटा धरून उभी राहिले. पाच-सात मिनिटांनी कळ आपोआप गेली.

ही कळ वर्षभर येत होती. अब्बा हार्ट अटॅकनंच गेले, त्यामुळे घरात पहिला विचार हृदयाचा झाला, आणि तो बरोबरच होता. छातीत दुखलं की आधी हृदयच तपासायचं. ईसीजी, टू-डी एको, स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल. मग पित्ताच्या गोळ्या. मग "मॅडम, शाळेचा ताण घेता तुम्ही." एका डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली. त्याला निदान खर्च तरी आला नाही.

दरम्यान मी लपून जेवायला शिकले. डब्याच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसेनाशी झाले. लग्नात "घरून जेवून आले" सांगायचे. ह्यांनी भिगवणहून हौसेनं आणलेली चिलापी मी कोपऱ्यात उभी राहून, पाठ ताणून, घासामागे पाणी ढकलत खायचे. नऊ किलो वजन उतरलं, तर बायका विचारत, "डाएट कुठलं करता?"

आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करायची सवलत आहे हे ठाऊक असून मी हट्टानं सगळे धरले. ईदनंतर पुण्याला पोटविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "फक्त घास अडकतो की पाणीही?"

मी चमकले. पाणीही अडकत होतं, गार असलं तर जास्तच. पण हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी तरी कुठं सांगितलं होतं? "दुखतं" एवढंच म्हणत आले. रात्री आडवी झाले की न पचलेला भात तसाच तोंडात येतो, खोकल्यानं जाग येते, हेही तिथंच पहिल्यांदा बोलले. ह्यांनासुद्धा ते माहीत नव्हतं.

एंडोस्कोपी झाली. बेरियमचं खडूसारखं पांढरं पाणी पाजून एक्स-रे काढला: अन्ननलिका वर फुगलेली, खाली चिमणीच्या चोचीसारखी निमुळती. मग नाकातून बारीक नळी घालून गिळतानाचा दाब मोजला. आजाराचं नाव अकॅलेशिया. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंचं एक दार असतं, गिळताना ते सैल पडतं. तिथले मज्जातंतू निकामी झाल्यानं माझं दार उघडत नव्हतं. पित्ताच्या गोळीनं ते उघडणार कसं?

नंतर वाचलं, १६७४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिस या डॉक्टरांनी असाच एक रुग्ण नोंदवला आहे. देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून तो घास खाली ढकलायचा. माझी ती कोपऱ्यातली कसरत आठवून हसू आलं, आणि बरंही वाटलं.

मेच्या सुट्टीत फुगा घालून ते दार ताणलं. गेलेले तंतू परत येत नाहीत. पुढे पुन्हा ताणावं लागेल किंवा शस्त्रक्रिया करून स्नायू कापावा लागेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. उशी उंच लागते, रात्रीचं जेवण लवकर लागतं.

यंदा पहिल्या इफ्तारला खजुरावर कोमट पाणी घेतलं. सासूबाई स्वतःचा खजूर हातात धरून माझ्या गळ्याकडे पाहत बसल्या होत्या. "उतरला?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली, तेव्हा त्यांनी रोजा सोडला.