डोंगराच्या नावाचं जहाज

४ ऑक्टोबर १९१३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या नव्याकोऱ्या नौदलाच्या सात युद्धनौका पहिल्यांदाच सिडनीच्या बंदरात शिरल्या. त्या दिवसाची शंभरी ऑस्ट्रेलियानं २०१३ मध्ये जगभरच्या नौदलांना बोलावून साजरी केली. आधी उंच शिडांची जहाजं आली, दुसऱ्या दिवशी युद्धनौका, आणि ५ ऑक्टोबरला ताफ्याची पाहणी झाली. पाहुण्यांमध्ये भारताची नौका होती ‘आयएनएस सह्याद्री’. माझगाव गोदीत बांधलेली, नौदलात दाखल होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेली.

ते नाव वाचलं आणि ऊर भरून आला. अजिंठ्याची डोंगररांग ही सह्याद्रीचीच पूर्वेकडे गेलेली फांदी. संभाजीनगरात राहणारे आम्ही त्याच काळ्या दगडाच्या आसऱ्यानं वाढलो. आमच्या डोंगराचं नाव कपाळावर घेऊन एक नौका पार दक्षिण गोलार्धात जाते, याचं अप्रूप मला अजूनही आहे.

एरवीच्या संचलनात सैनिक चालतात आणि मानवंदना घेणारा उभा असतो. फ्लीट रिव्ह्यूमध्ये, म्हणजे ताफ्याच्या पाहणीत, नौका नांगर टाकून रांगेत उभ्या राहतात आणि पाहणी करणारा त्यांच्यामधून जातो. नाळेपासून डोलकाठीवरून थेट मागच्या टोकापर्यंत रंगीत पताका. कठड्याला लागून पांढऱ्याशुभ्र गणवेशातले नौसैनिक. पाहणीची नौका समोर आली की टोप्या उतरतात आणि जयघोष होतो. माझी नजर क्षेपणास्त्रांवर ठरत नाही, ती कठड्याशी उभ्या पोरांवर जाते. त्यांतला एखादा आमच्याकडचा, बीड-परभणीचाही असू शकतो. भरतीला जाईपर्यंत त्यानं समुद्र पाहिलेलाच नसेल. दुष्काळात टँकरमागे धावलेलं पोर अथांग पाण्यावर ताठ उभं आहे, हे मनात आलं की डोळे भरतात.

आमच्याकडे समुद्र नाही. पैठणचा नाथसागर भरला की त्याच्या काठी उभं राहून आम्ही लाटा पाहतो, तेवढंच. पण पैठणची समुद्राशी ओळख फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ पैठणचं नाव घेतो. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचं गाव, असं. इथले रंगीत अकीक दगड बैलगाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदरापर्यंत जात आणि तिथून जहाजात चढत. ते गाडीवान समुद्रावर कधी गेले नसतील, पण जहाज भरायचं ते त्यांच्याच जिवावर.

आणि जहाज पाहायचं तर अजिंठ्याला जावं. पहिल्या लेण्यात पद्मपाणीपुढे गर्दी हटत नाही. ती हटूही नये. पण शेजारच्या दुसऱ्या लेण्यातल्या जहाजापाशी क्वचितच कुणी थांबतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. शूर्पारकच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतलं ते जहाज. आत गेल्यावर अंधाराला डोळे सरावू द्यावे लागतात. मग भिंतीवरचे रंग हळूहळू वर येतात: तीन उंच डोलकाठ्या, त्यांवरची उभी शिडं, एका टोकाला ओळीनं रचलेले रांजण, दिशा देणारं वल्हं. नाळेवर डोळा रंगवलेला आहे, जहाजाला वाट दिसावी म्हणून. समुद्रापासून इतक्या लांब, वाघूर नदीच्या घळीत बसून पाचव्या शतकातला चित्रकार रांजणसुद्धा विसरला नाही. ज्यानं लांबच्या सफरीत पाण्याचा हिशेब ठेवलेला असतो, अशा माणसाकडून त्यानं हे नक्की ऐकलं असणार, असं मला वाटतं.

अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरूनच आपल्या नौदलानं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज घडवून घेतलं. मूळ आराखडा कुठेच नव्हता, होतं ते फक्त चित्र. गोव्यात केरळच्या कारागिरांनी लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या, खिळे न ठोकता. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारी २०२६ ला मस्कतला पोहोचलं. ती बातमी मी दोनदा वाचली. भिंतीवर दीड हजार वर्षं थांबलेलं जहाज चालतं, खऱ्या समुद्रावर, खऱ्या वाऱ्यावर!

आता मला एवढंच हवं आहे. नौदलाच्या कुठल्याही ताफ्याच्या पाहणीला आमच्या जिल्ह्यातली शाळकरी मुलं न्यावीत. सगळ्यांत आधी लेण्यांच्या पायथ्याच्या फर्दापूरची आणि सोयगावची. त्यांना किनाऱ्यावर पुढच्या रांगेत उभं करावं, राखाडी युद्धनौकांमधली ‘सह्याद्री’ दाखवावी, आणि ‘कौंडिण्य’ जवळ असेल तर त्याच्या शिवणीवरून हात फिरवू द्यावा. पण त्याआधी एकदा त्यांना दुसऱ्या लेण्यात नेऊन तो डोळा नीट पाहू द्यावा, घाई न करता.